‘कोना पाव्हना?’ असं विचारलं तर काय सांगशील?

काकू,
मी मूळची कोल्हापूरची, लग्नानंतर पुण्यात आले. ऑफिसातली एक मैत्रीण अमळनेर तालुक्यातली आहे. जेवणाच्या सुट्टीत ती एकदा म्हणाली, ‘आखाजीला ये आमच्याकडे, बारागाड्या बघायला.’ एकमेकींना बांधलेल्या बारा बैलगाड्या एक भगत ओढतो म्हणे. मध्यंतरी आम्ही गोव्याचा कार्निव्हल पाहिला, पण तिथली गर्दी आणि हॉटेलांचे भाव बघून पुन्हा जायची हिंमत नाही. हा ऑफ-सीझन रस्त्यावरचा उत्सव त्यापेक्षा बरा, म्हणून नवरा आणि त्याचे दोन मित्रही तयार झालेत. एका मित्राला रील्सचा नाद आहे. त्याला होळीआधी सातपुड्यातल्या भोंगऱ्याला जायचं होतं, ते राहून गेलं. बेत असा आहे: सकाळी जळगावला उतरायचं, हॉटेलात आंघोळी उरकायच्या, दुपारी गावात जायचं, संध्याकाळी बारागाड्यांवर चढायचं, नाचायचं आणि रात्रीच्या गाडीने परत. आम्हाला नुसतं बघत उभं राहायचं नाही, भाग घ्यायचाय. पण आम्ही पडलो परके. कसा घ्यावा? आणि तिने मनापासून बोलावलं की बोलायचं म्हणून बोलली, हेही कळत नाही.
– हौशी पाहुणी, पुणे

काकू म्हणालीस म्हणून एकेरीवर येते, राग मानू नकोस.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला आधी हात घालते, कारण बाकी सगळं त्याच्यावर लटकलंय. तिने खरंच बोलावलं का? आम्हा खान्देशी लोकांना ‘या ना जेवायला’ म्हणायला काही लागत नाही. बसस्टँडवर शेजारी बसलेल्या माणसालाही आम्ही म्हणतो. पण आखाजीचं बोलावणं त्यातलं नव्हे. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आणि आमच्याकडे ती दिवाळीच्या तोडीची. सासरी गेलेल्या लेकी लेकराबाळांसकट माहेरी आलेल्या असतात, रात्री ओसरीपासून धाब्यापर्यंत, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतापर्यंत, अंथरुणं पडतात. अशा घरात कुणी उगाच माणसं वाढवून घेत नाही. तरी खात्री करायची तर तिला सरळ विचार, ‘आईला विचारशील का, आम्ही दोघं दोन रात्री मुक्कामाला आलो तर जमेल का?’ दुसऱ्या दिवशी तिच्या आईचाच फोन आला आणि ‘कोणत्या गाडीने येताय?’ असं विचारलं, तर बोलावणं खरं. ‘बघते, सांगते’ म्हणाली आणि आठवडाभर काही कळलं नाही, तर वाईट वाटून घेऊ नकोस आणि पुन्हा विषयही काढू नकोस. वर्षभरात घरातलं कुणी गेलं असेल तर पहिल्या आखाजीला तिथे सणाचा थाट नसतो, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर तेवढी भरतात. हे जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना सांगायची गोष्ट नव्हे.

‘आम्ही दोघं’ म्हटलं ते मुद्दाम. नवऱ्याच्या मित्रांना या खेपेला पुण्यातच राहू दे. त्यांची सोय पुढे सांगते.

‘ऑफ-सीझन’ हा तुझा शब्द वाचून हसू आलं. फिरायला येणाऱ्यांच्या हिशेबाने तो खराच आहे. खान्देशात पाहुण्यांनी यायचे दिवस म्हणजे थंडीचे: शेतात वांग्याचं भरीत, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं, तेव्हा आलेल्यांनी तिथली हवा पाहिली ती थंडीतली. त्यांनी एप्रिलअखेर यावं. पारा ४४-४५ अंशांवर, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, डांबर चपलेला चिकटतं. पण शेतकऱ्याचा हिशेब उलटा असतो. रब्बीचं धान्य घरात येऊन पडलेलं, कपाशीची लागवड अजून लांब, बैल मोकळे, गाड्या मोकळ्या. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल आखाजीला संपतं आणि नवं साल आखाजीलाच ठरतं. गावाला उसंत असते ती याच दिवसांत, म्हणून सण उन्हात आला. एरवी बारा गाड्या एकाच संध्याकाळी रिकाम्या कुठून मिळायच्या?

तेव्हा तुझा ऑफ-सीझन तो गावचा भर हंगाम. यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. गोव्यात चित्ररथ जातात, तू कडेला उभी राहतेस, तुला कुणी काही विचारत नाही; ते सगळं बघणाऱ्यांसाठीच मांडलेलं असतं. आमच्या गावात बघणाऱ्यांसाठी काहीच मांडलेलं नसतं. गाडीवर बसलेला कुणाचा तरी भाचा असतो, ओट्यावर उभी असलेली कुणाची तरी लेक असते. त्यामुळे तू गल्लीत पाऊल टाकलंस की पहिली भेटणारी म्हातारी कपाळाला हात लावून, डोळे बारीक करून विचारणार, ‘कोना पाव्हना?’ म्हणजे कुणाकडचे पाहुणे? यात संशय नसतो, तिला तुला कुठल्या खुंटीवर अडकवायचं ते कळायला हवं असतं. ‘अमक्यांच्या लेकीची मैत्रीण’ असं सांगितलंस की काम झालं. पुढच्या पाच मिनिटांत तुला पाणी मिळेल, बसायला गोधडी मिळेल, आणि तुझं माहेर कुठलं, पोरंबाळं किती, हेही विचारून होईल. पण ‘आम्ही पुण्याहून बघायला आलोय’ असं सांगितलंस, तर पाणी मिळेल, गोधडीही मिळेल, पण दिवसभर तू बघायला आलेलीच राहशील. भाग कसा घ्यावा, या तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे आहे: आधी एका घरची हो. जळगावचं हॉटेल सोड. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोच आणि त्यांच्याच घरी उतर.

आदल्या दिवशी का, तर खरी गडबड तेव्हाच असते. बारागाड्या तासाभरात संपतात. त्याआधी घरात काय काय होतं ते बघ. नवी घागर आणलेली असते, पाण्यात भिजवून ठेवलेली. सांजोऱ्या तळायचं काम निघतं. आणि तुझ्या नशिबाने मैत्रिणीच्या घरी अजून खापर असेल, तर मांडे. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं असतं, तिची आई किंवा मामी पाटावर बसलेली, शेजारी पुरण आणि सैल मळलेली, पाणी-तेल पाजून लवचिक केलेली कणीक. पुरण भरलेला उंडा ती आधी जरा लाटते, मग दोन्ही हातांवर घेते आणि या हातावरून त्या हातावर झेलत वाढवत नेते. बघता बघता तो कोपरापर्यंत येतो, इतका पातळ की आतलं पुरण दिसावं, आणि मग सगळा एका फेकीत खापरावर. घडी घालून काढला की झाला. तुला करून बघावंसं वाटेल, बघ. तुझा पहिला मांडा मधोमध फाटून पुरण चुलीत पडणार, चार बायका पदर तोंडाला लावून हसणार, आणि ‘कोल्हापूरवाली’ म्हणून तुझं नाव पडणार. हे झालं की दुसऱ्या दिवशी तुला कुणी परकं म्हणणार नाही. मी मुंबईत तीस वर्षं संसार केला, अजूनही माझ्या हातचा मांडा अर्ध्याच्या पुढे जात नाही.

आंब्याबद्दल एक सूचना. पुण्याहून निघताना हापूसची पेटी न्यायचा मोह होईल. ने हवी तर, पण देताना ‘एक चाखून तर बघा’ असा आग्रह धरू नकोस. घागरीवर आंबा ठेवून पितरांना दाखवल्याशिवाय त्या वर्षीचा आंबा तोंडात न घालणारी घरं अजून पुष्कळ आहेत. सकाळी घागर पुजतात, वर छोटं मातीचं भांडं, त्यावर खरबूज, आंबा, सांजोरी. निखाऱ्यावर तुपाची आणि अन्नाची आगारी टाकतात. ती पडेपर्यंत घरातलं कुणी जेवत नाही, तेव्हा पाहुण्यांनीही नाश्त्याची चौकशी करू नये. लेकरांना देतात काहीबाही. आगारीच्या वेळी मागे उभी राहा, नमस्कार कर. फोन आत ठेव. घरातली माणसं त्या धुराकडे बघत कुणाकुणाला आठवत असतात, तो फोटो आपला नसतो. मग आमरस, पुरणाची पोळी, कुरडया, भजी आणि वर तुपाची धार. पोट फुटेस्तोवर वाढतील. नको म्हणण्यापेक्षा पानात थोडं शिल्लक ठेवून हळूहळू जेव, रिकामी वाटी दिसली की भरलीच समज.

आता बारागाड्या.

सगळ्याच गावांत त्या आखाजीलाच निघतात असं नाही. कुठे आखाजीला, कुठे खंडेरावाच्या नाहीतर मरीमातेच्या यात्रेला. दिवस मैत्रिणीला विचारून घे. ऊन कललं की गावाच्या मोठ्या रस्त्यावर बारा बैलगाड्या एकामागे एक उभ्या करतात आणि एकमेकींना दोरखंडांनी जखडतात. बैल नाहीत. गाड्यांवर पोरं आणि बाप्ये असे चढलेले असतात की लाकूड दिसत नाही. गाड्या ओढणारा भगत, म्हणजे देवाचा भक्त, काही दिवस आधीपासून उपास आणि नेमधर्म पाळत असतो. तो हळद लावून, वाजतगाजत येतो, गाड्यांभोवती प्रदक्षिणा घालतो. त्याच्या दोन्ही अंगांना आधार द्यायला माणसं असतात, त्यांना बगले म्हणतात. मग एकदम ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर होतो, आणि बाराच्या बारा गाड्या हलतात. पहिल्या क्षणी आवाज येतो तो चाकांचा. कोरड्या लाकडाची ती करकर मागच्या गाडीपर्यंत लाटेसारखी जाते. मी साठी ओलांडली, अजून त्या आवाजाला अंगावर काटा येतो. त्यात मागून लागलेल्या हातांचा वाटा किती, रस्त्याच्या उताराचा किती, याची चर्चा तुझ्या नवऱ्याने तिथे रस्त्यावर उभं राहून करू नये. गावातल्या लोकांनाही डोळे आहेत.

तुम्हाला गाडीवर चढायचंय, असं लिहिलंयस. चढू नका. हे मी सबुरीने, विचार करून सांगतेय असं समजू नकोस, अगदी ठाम सांगतेय. त्या गाड्यांना ब्रेक नाही. पुढची थांबली तरी मागच्या अकरा रेटत राहतात. गर्दी दोन्ही बाजूंनी इतकी चिकटून पळते की चाक आणि माणूस यांत हातभर अंतर राहत नाही. चाकाखाली सापडून माणसं दगावल्याच्या बातम्या आमच्या जिल्ह्यात येऊन गेल्या आहेत. गावातल्या पोरांना निदान ठाऊक असतं, कुठे वळण आहे, कुठे गटार आहे, केव्हा पाय आत घ्यायचे. पाहुण्याला यातलं काही ठाऊक नसतं आणि हौस मात्र दुप्पट असते.

माझ्या लग्नानंतरची दुसरी आखाजी. यजमानांचा एक मुंबईचा मित्र आला होता, हौशी, तुमच्यासारखाच. त्याला कुणीतरी हात देऊन सातव्या की आठव्या गाडीवर ओढून घेतलं. गाड्या हलल्यावर त्याची चप्पल खाली पडली आणि हा पठ्ठ्या ती घ्यायला उतरला! चाकाने नाही धरला, मागून पळणाऱ्यांनी तुडवला. मनगट मोडलं. माझ्या भावाने स्वतःच्या टॉवेलात त्याचा हात बांधला, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवला आणि तालुक्याला नेला. सणाच्या दिवशी डॉक्टर सापडेपर्यंत नऊ वाजले. माझी आई तोवर ओट्यावर बसून, कोण्या आईचं पोर म्हणून डोळ्याला पदर लावत होती, आणि घरातल्या एकाही माणसाने रात्री नीट जेवण केलं नाही. त्या मित्राला आजही ती मोठी गंमत वाटते. सांगताना तो चप्पल परत मिळाली हे आवर्जून सांगतो.

मग कुठे उभं राहायचं? घरच्यांच्या ओट्यावर, तेही वळणाच्या आतल्या अंगाला नको. लोक धाब्यावर चढलेले दिसतील. जुन्या मातीच्या धाब्यावर घरधन्याने हाक मारल्याशिवाय जाऊ नका; त्या लाकडांनी किती पावसाळे काढलेत ते त्यालाच माहीत, आणि त्या दिवशी वर आधीच पन्नास माणसं असतात. करायला काम हवं असेल तर आहे. आमच्या गल्लीत रस्त्याकडेच्या घरांतल्या बायका ओट्यावर माठ आणि तांबे मांडून ठेवतात, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देतात. मैत्रिणीच्या आईला म्हण, ‘मावशी, पाणी मी देते.’ बारागाड्या येण्याआधीचा तासभर आणि गेल्यानंतरचा अर्धा तास तुला मान वर करायला फुरसत मिळणार नाही. घामाने निथळलेला माणूस ओंजळ पुढे करतो, तू तांब्याने धार धरतेस, तो मनगटापर्यंत हात ओले करून पितो, उरलेलं तोंडावर मारतो आणि नाव न विचारता पुढे पळतो. हात भरून येतात, पदर भिजतो. गाडीवर बसून तुला रस्ता दिसला असता. इथे अख्खं गाव एकेक करून तुझ्यासमोर येऊन उभं राहतं. भगत दाराशी आला तर घरातली सुवासीण त्याच्या पायावर पाणी घालते, त्याला ओवाळते. ते तुला करायला सांगितलं तर कर, नाही सांगितलं तर मागू नकोस.

आणि तुझ्यासाठी बारागाड्यांहून मोठी गोष्ट म्हणजे झोका. याचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही, कारण त्याचे व्हिडिओ फारसे कुणी टाकत नाही. निंबाच्या फांदीला जाड दोर बांधलेला असतो, दोघी समोरासमोर उभ्या राहून गुडघ्यात वाकत वाकत तो चढवतात. बाकीच्या खाली बसून गातात. माहेरी आलेल्या लेकी वर्षभर पोटात ठेवलेलं तिथे बाहेर काढतात, सासूचं, नणंदेचं, नवऱ्याचंसुद्धा, गाण्यातून. दुसऱ्या गल्लीच्या बायका समोर आल्या तर गाण्यातूनच अशा शिव्या घालतात की तुझे कान लाल होतील. तुला झोक्यावर बोलावणारच. दोर वर धर, खाली बघू नकोस, आणि काठाचं पातळ नेसली असशील तर निऱ्या आधी खोचून घे. साधा सुती सलवार-कमीज सगळ्यात बरा. गाणं येत नाही म्हणून अडून बसू नकोस, तुमच्याकडच्या पंचमीच्या फेरातलं काहीतरी म्हण. पण तिथे फोन बाहेर काढलास तर गाणी थांबतील. थांबली नाहीत तरी ते घेऊ नकोस. एखादीचं सासूवरचं गाणं तिच्या सासूच्या फोनवर पोचायला आता पाच मिनिटं लागतात.

तुझ्या नवऱ्याला झोक्याजवळ जागा नाही. त्याला बाप्ये पारावर नेतील आणि पत्ते काढतील. आखाजीला पत्ते खेळायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे, आणि नवा पाहुणा दिसला की सगळे फार प्रेमाने डाव शिकवतात. त्याने बघावं, पिसून द्यावेत, बिनपैशाचा डाव असेल तर बसावं. पैसे लावू नयेत. सण असला तरी १८८७ चा जुगारबंदीचा कायदा काही त्या दिवशी रजेवर नसतो, आणि दुसरं म्हणजे तो हरणार आहे. माझे यजमान पहिल्या आखाजीला परतीच्या तिकिटाचे पैसे हरले होते. माझ्या वडिलांनी ते गुपचूप जिंकणाऱ्यांकडून परत घेऊन त्यांच्या खिशात ठेवले आणि मरेपर्यंत तो विषय काढला नाही. यजमानांना ते जास्त लागलं.

यात्रा जोडून असेल आणि तमाशा आलेला असेल, तर दिवसा तगतराव निघेल. सजवलेल्या गाडीवर कलावंत उभ्या असतात, नाचत-गात गावातून फिरतात. लोक भोवती नाचतात, तुम्हीही मागच्या बाजूला नाचा, कुणी अडवणार नाही. नोट द्यायची तर हातात द्यावी. ती तोंडासमोर नाचवत राहणं, गाडीच्या दांड्यावर चढून सेल्फी घेणं, हे गावातली काही पोरंही करतात आणि त्यांना त्याबद्दल गावातच बोलणी बसतात. त्या बायका उन्हात चार-चार तास उभ्या राहून काम करत असतात.

उन्हाचं थोडक्यात सांगते. बारा ते चार बाहेर पडू नका, गावही पडत नाही. डोक्याला रुमाल, पाणी तहान लागायच्या आधी, कैरीचं पन्हं मिळेल तिथे. कुणाला भ्रमल्यासारखं झालं, अंग तापून बोलणं बरळायला लागलं तर ‘ऊन लागलं, बसेल थोडा वेळ’ म्हणून सोडू नका. सावली, अंगावर ओलं फडकं, आणि १०८ ला फोन.

आता मित्रांचं. रील्सवाल्याला भोंगऱ्याला जायचं होतं म्हणतेस. भोंगऱ्या हा होळीच्या आधीच्या आठवड्यातला बाजार, सातपुड्यातल्या गावोगावी ज्या त्या गावच्या बाजाराच्या दिवशी भरतो. होळीचं सामान घ्यायचं, ढोल आणि पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्यावर नाचायचं, सोयऱ्यांना भेटायचं. तिथे पोरंपोरी गुलाल लावून पळून जातात ही गोष्ट बाहेरच्या लोकांनी इतकी फिरवली की हा आमचा बाजार आहे, प्रेमाचा मेळा नव्हे, असं आदिवासी संघटनांना जाहीरपणे सांगावं लागलं. तुमचा मित्र त्या गोष्टीच्या मागे निघाला होता की ढोलाच्या, ते त्यालाच विचार. काहीही असो, लेकीबाळींनी भरलेल्या घरात कॅमेरा घेऊन फिरणारा अनोळखी पुरुष मैत्रिणीच्या माथी मारू नकोस. तुम्ही निघून जाल. ‘तुझ्या पाहुण्याने आमच्या सुनेचा फोटो टाकला’ हे तिला पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल.

त्यांनी आठ दिवसांनी यावं. अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा वैशाखातच असते. शुद्ध एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. २०२५ मध्ये आखाजी ३० एप्रिलला होती आणि एकादशी ८ मे रोजी, यावरून अंदाज घ्या. तारखा दरवर्षी सरकतात. ही शहराची यात्रा. बोरी नदीच्या कोरड्या पात्रात दुकानं, पाळणे, भांड्यांचे ढीग, रसवंत्या. हजारो लोक बाहेरगावचे, त्यामुळे तिथे ‘कोना पाव्हना’ विचारायला कुणाला सवड नसते. हॉटेलात उतरा, रथाला हात लावा, रात्रभर फिरा, रील काढा. तिथेही एक सांभाळायचं. रथ वळवायचा, थांबवायचा तो चाकाखाली मोगरी घालून. मोगरी म्हणजे लाकडी ओंडका, चाकापुढे नेमका सारायचा. ती लावणारा माणूस चाकाशी वाकलेला असतो, नजर चाकावर, कान इशाऱ्यावर. त्याच्या मागेपुढे दहा हात कुणी जाऊ नये, फोटोसाठी तर नाहीच. मित्राला हे काम जवळून बघायचं असेल आणि वैशाखाचं ऊन झेपणार नसेल तर कार्तिकी एकादशीला जळगावचा श्रीरामाचा रथ आहे, १८७२ पासूनचा. मोगरीचंच तंत्र, आणि हवा थंड.

परतीचं तिकीट सणाच्या रात्रीचं काढलं असशील तर रद्द कर. दुसरा दिवस करीचा, त्या दिवशी गौराई बोळवायला बायका नदीवर जातात आणि तुला सोडून कुणी जाणार नाही. निघताना तुझी ओटी भरतील, नवऱ्याला टॉवेल-टोपी देतील. ‘कशाला, कशाला’ एकदाच म्हणायचं आणि घ्यायचं. टोपी त्याने तिथेच डोक्यावर घालावी, पिशवीत कोंबू नये. गाडीत बसल्यावर काढली तरी चालेल, पण अमळनेर दिसेनासं होईपर्यंत थांबावं. खिडकीतून बघणारं कुणीतरी निघतंच.